बांगड्या, सांग तिला

माझी सासू माझ्याशी कुत्र्यामार्फत बोलायची. कुणाला सांगितलं तर हसतात. पण आमच्या घरात ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्यात हसण्यासारखं काही आहे हे आम्हाला वाटायचंच नाही. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं. आयला, म्हणजे माझ्या सासूला, लेक नव्हती. घरात पोर असतं तर तिने पोराला मध्ये घातलं असतं, पण तेही नव्हतं. कुत्रा होता, बांगडा.

"बांगड्या, सांग तिला, कालवनात मीठ जास्ती झाला."

"बांगड्या, सांग आयला, मीठ रोजच्याइतकंच आहे. त्यांची जीभ सुक्या मासळीने खारट झालीय."

बांगडा उंबऱ्यावर पडलेला असायचा. आधी तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि पुन्हा पायांवर तोंड ठेवायचा. गरीब बिचारा. दोन बायकांच्या मधला निरोप्या.

मी मूळची गोवंडीची. मरोळला एका कंपनीत पॅकिंगला होते आणि घरी जाताना मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारातून आईसाठी जवळा घ्यायचे. जयवंत तिथे वेसाव्याहून बोंबलाच्या गोण्या घेऊन यायचा. पावशेर जवळ्यावर लग्न जमवलंस, असं माझी बहीण समीक्षा अजून चिडवते. आम्ही बौद्ध, हे कोळी. माझ्या घरी आधी आदळआपट झाली आणि मग जेवण झालं. इकडे आदळआपट झालीच नाही. रुक्मिणीबाई, म्हणजे आय, नुसती गप्प बसली. मी दारात आले तेव्हा बांगडा जेमतेम वर्षाचा असेल. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "बांगड्या, सांग तिला, पाय धुऊन आत ये म्हनावा."

तेव्हापासून ते सुरू झालं. तिचा राग कधीच विरला होता, हे मला ठाऊक होतं. तापात पडले तेव्हा रात्रंदिवस माझ्या उशाशी बसली होती, पेज भरवत होती. पण पेज भरवतानासुद्धा म्हणाली, "बांगड्या, सांग तिला, तोंड उघड." राग गेला आणि सवय राहिली. सवय मोडायला आधी कुणा एकाला लाज सोडावी लागते, आणि आम्ही दोघीही तशा अडेलतट्टू.

बांगडा नाव त्याच्या पाठीवरून पडलं. राखाडी अंगावर काळे आडवे पट्टे, अगदी बांगड्याच्या पाठीसारखे. त्याचं काम वलांडीवर. आमच्याकडे किनाऱ्याला बांबू रोवून दोऱ्या ताणतात, त्याला वलांडी म्हणतात. ओले बोंबील दोन-दोन घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. अशा हजारो जोड्या. तुम्ही वळलात की कावळे उतरलेच म्हणून समजा. शिवाय मांजरं, परगल्लीतली कुत्री. बांगडा सकाळपासून ऊन उतरेपर्यंत त्या दोऱ्यांखालून धावत असायचा. वलांडीवरच्या बोंबलाला त्याने आयुष्यात तोंड लावलं नाही. खाली पडलेला मात्र त्याचा. हा हिशेब त्याला कुणी शिकवला, देव जाणे.

त्या डिसेंबरात मळभ धरलं. थंडीच्या दिवसांत वेसाव्याला कोरडं कडक ऊन पडतं, त्यावरच आमचं पोट. पण आभाळ असं घोंगडी पांघरून बसलं की हटेना. बोंबील दोरीवर लोंबत राहिले, मऊ पडले, वास मारायला लागले. सकाळी टाकायचे, दुपारी भुरभुर आली की काढायचे, घरात पंख्याखाली पसरायचे, पुन्हा टाकायचे. कंबरेचा पार काटा ढिला झाला. आय दिवसभर आभाळाला शिव्या घालायची. ते बरं होतं, मला तरी नव्हत्या.

त्या गडबडीतच बांगडा लंगडायला लागला. पुढचा उजवा पाय तो अलगद टेकायचा, तापलेल्या तव्यावर ठेवल्यासारखा. मला वाटलं, दगड लागला असेल. मग मनगटाच्या वर सूज दिसली. हात लावला तर टणक होती आणि गरम.

आयने पाय मांडीवर घेतला आणि दाबून दाबून बघितला. बांगड्याने एकदाच जीभ काढून तिचा हात चाटला, हूं की चूं नाही.

"शिंगाल्याचा काटा हाय," ती म्हणाली. "आत मोडलाय. बांगड्या, सांग तिला, मीठ गरम कर."

शिंगाळा म्हणजे तो मिशांवाला मासा. त्याचा काटा पायात घुसला की धडधाकट खलाशी लहान पोरासारखा रडतो. असा काटा मोडला की अर्धा कोळीवाडा आमच्या दारात येतो. आयच्या हाताला गुण आहे. गरम मिठाने शेकते, सुईने उकरते, आणि सुईला नाही आला तर सरळ दाताने ओढते. तिने काटा म्हटलं की काटा. त्यावर कोण बोलणार? जाळ्यातून पडलेले शिंगाळे किनाऱ्यावर असतात, बांगडा तिथेच हुंदडतो. मलाही पटलं.

मग रोज मिठाची पुरचुंडी सुरू झाली. तव्यावर जाडं मीठ तडतडेपर्यंत भाजायचं, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधायचं आणि शेकायचं. वर मोरी माशाच्या तेलाची मालिश. आय अंगठ्याने खालून वर असं दाबत आणायची, आतला काटा तोंडाशी यावा म्हणून. घाम यायचा तिला. बांगडा डोळे मिटून पडून राहायचा. एखाद्या दिवशी जरा बरा चालायचा, की आय माझ्याकडे न बघता मला ऐकू जाईल असं म्हणायची, "उतरतोय. काटा उतरतोय."

काटा उतरला नाही, सूज मात्र लिंबाएवढीची मोसंब्याएवढी झाली. जयवंत बोटीवरून आला आणि बघून चमकलाच.

"आय, यो काटा नाय. याला डॉक्टरकडं नेतो."

"ने," आय म्हणाली. "फोटो काड. काटा दिसंल त्यांना."

पहिला रिक्षावाला कुत्रा बघून थांबला नाही. दुसरा थांबला, पण आमचा वास घेऊन "नहीं जाएगा" म्हणाला. आपण कोळणीसारखे वास मारतो हे मी विसरूनच गेले होते. तिसरा भला होता, त्याची सासुरवाडी मढची. सात बंगला भागातल्या दवाखान्यात थंडगार एसी, मऊ कोच आणि स्वेटर घातलेली कुत्री. एका बाईंनी आपलं पांढरं कुत्रं चटकन मांडीवर उचलून घेतलं. मी ओढणी सारखी केली. काय सारखं करायचं होतं तेही कळेना.

काउंटरवरच्या पोरीने विचारलं, "पेटचं नाव?"

"बांगडा."

तिने मान वर केली. "ब्रीड?"

"वेसावकर," जयवंत म्हणाला.

डॉक्टरीणबाई तरुण होती, गंधाली नाव. तिने मात्र नाक मुरडलं नाही. सरळ खाली फरशीवर बसली आणि बांगड्याला आपला हात हुंगू दिला. मग त्याला आत नेऊन फोटो काढले. आम्हाला बोलावलं तेव्हा दोन काळे फोटो उजेडावर लावलेले होते.

"हे चांगलं हाड. पांढरं, सलग. आणि हे त्याचं." तिने बोट ठेवलं. वाळवी लागलेल्या लाकडासारखं होतं ते, आतून पोकळ आणि कडेने भुसा उडालेलं. "हाडाचा कॅन्सर आहे."

"कुत्र्याला?" मी म्हटलं.

"हो. होतो."

"पाय काढला तर?" जयवंतने विचारलं. "तीन पायांवर चालतात ना कुत्री? आमच्याकडं हाय एक."

"मी तेच सांगितलं असतं. पण हा छातीचा फोटो बघा." फुप्फुसात ठिपके होते, पीठ चाळताना पडावं तसे. "तिथेही पोचलाय. आता पाय काढून त्याचे हाल वाढतील. दुखणं कमी ठेवणं, एवढंच आपल्या हातात आहे. गोळ्या देते. पुरतील तोवर पुरतील. मग एक इंजेक्शन असतं, झोपेतच जातो तो."

"नाय. ते नाय," जयवंत म्हणाला.

"आज करा म्हणत नाहीये मी."

"पण तो ओरडत नाही हो," मी म्हटलं. "दुखत असतं तर ओरडला असता ना?"

"कुत्री लपवतात दुखणं. ओरडण्याची वाट बघू नका." मग ती थांबून म्हणाली, "आणि कोण शेकतंय याला? कातडी भाजल्यासारखी झालीय. शेकायचं नाही, चोळायचं तर अजिबात नाही. हाड ठिसूळ झालंय, कधीही मोडेल."

जयवंतने माझ्याकडे बघितलं, मी फरशीकडे.

घरी आलो तर आय दारातच उभी. हातात बोंबलाची पाटी तशीच.

"बांगड्या, इचार तिला, काटा दिसला का?"

 जयवंतने सांगितलं. सगळं सांगितलं, छातीतल्या ठिपक्यांपर्यंत. मालिशचं तेवढं सांगितलं नाही. ते मला सांगावं लागलं, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा मीठ तव्यावर चढलं असतं.

"बांगड्या, सांग आयला, डॉक्टरांनी शेकायला आणि चोळायला नको म्हटलंय. हाड मोडेल म्हणाल्या."

आयने पाटी खाली ठेवली. आपले अंगठे बघितले, दोन्ही, उलटेसुलटे करून. मग म्हणाली, "त्या पोरीला काय ठावं? कवा शिंगाला बगितलाय तिना?" आणि पाटी उचलून वलांडीकडे निघून गेली.

जयवंतची बोट निघायची होती. जाताना त्याने बांगड्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, कपाळाला कपाळ लावलं. मग आम्हा दोघींना म्हणाला, "मी येईपर्यंत काय करायचं नाय. ते इंजेक्शन-बिंजेक्शन नाय. मी येतो, मग बगू."

आय म्हणाली, "तू ये लवकर." मी काही बोलले नाही. आज वाटतं, तेव्हाच भांडायला हवं होतं. पण समुद्रावर जाणाऱ्या माणसाशी दारात भांडत नाहीत आमच्याकडे.

मग आमचे दिवस सुरू झाले. सकाळी त्याला उचलून हातगाडीवर ठेवायचं आणि वलांडीवर न्यायचं. घरी ठेवलं तर तो तीन पायांवर खुरडत मागे यायचा, म्हणून न्यायचंच. मच्छीच्या रिकाम्या टोपलीत गोधडी घालून त्याला सावलीत बसवायचो. तिथून तो कावळ्यांवर भुंकायचा. सुरुवातीला कावळे भ्यायचे. नंतर त्यांनाही कळलं, हा आता बसल्या जागचा. टोपलीपासून हातभर अंतरावर येऊन बसायला लागले मेले.

गोळी मांदेलीच्या पोटात घालून द्यायची. पहिल्यांदा गपकन गिळायचा, मग नुसती हुंगायला लागला, मग तोंड फिरवायला. आय मासा चावून मऊ करून आपल्या बोटाने त्याच्या टाळूला लावायची. एका हाताने त्याला भरवायची आणि दुसऱ्या हाताने बोंबलाच्या जोड्या दोरीवर टाकायची. आभाळ तसंच. माल सडत होता, कुत्रा सडत होता, आणि आम्ही दोघी त्याच्यात उभ्या. हात चालत होते म्हणून बरं, नाहीतर डोकं फुटलं असतं.

लोक काय, येता-जाता अक्कल शिकवणारच. शेजारची शकु म्हणाली, हळद-गोमूत्र लाव. कुणी म्हणालं, एकवीरेला नवस बोल. किनाऱ्यावर फिरायला येणारा एक टॉवरवाला इंग्लिशमध्ये काहीतरी बोलला, क्रुएल-ब्रुएल. आयने मान वर न करता म्हटलं, "बांगड्या, सांग त्याला, एवरा वाटतं तर घरी घेऊन जा." त्याला काही समजलं नाही, तो "ओके, ओके" करत गेला. त्या दिवसांत आम्ही दोघी तेवढ्या एकदाच हसलो.

एके दिवशी दुपारी मी घरी आले, तर मागच्या पडवीत मिठाचा वास. आय पाठमोरी बसलेली. बांगड्याचा पाय मांडीवर, पुरचुंडीतून वाफ निघतेय. मला बघून तिने पुरचुंडी पदराखाली घातली. चटका बसला असणार, पण तोंडावर काही नाही.

माझा तोल गेला. "बांगड्या, विचार त्यांना, जीव घ्यायचाय का तुझा? डॉक्टर नको म्हणाली ना? का ऐकायचंच नाही कुणाचं?"

आय बांगड्याकडेच बघत होती. "बांगड्या, सांग तिला," ती म्हणाली, आणि थांबली. मग म्हणाली, "सांग तिला, मना याच्याबिगर दुसरा काय येत नाय."

मी पुरचुंडी तिच्या पदराखालून काढून घेतली आणि पाण्यात टाकली. ती चर्र वाजली. आय बघत राहिली. मला स्वतःचा इतका राग आला, की मीच पडवीत बसून रडले. ती उठून गेली नाही, आणि जवळही आली नाही.

बोट यायची वेळ टळून गेली. जयवंतचा फोन लागत नव्हता, तिकडे कुठली रेंज? बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या घरून कळलं की मासळी लागत नाही म्हणून बोट आणखी वर गेलीय, गुजरातच्या अंगाला. बांगडा रोज हलका होत होता. उचलताना माझ्या हातांना कळायचं. फासळ्या मोजता येतील अशा झाल्या, आणि तो पाय तेवढा जड, सुजलेला, गरम. मी डॉक्टरणीला फोन करून गोळ्या वाढवून घेतल्या. ती म्हणाली, "माधुरीताई, आता वाट बघू नका." मी म्हटलं, "नवरा समुद्रावर आहे." ती म्हणाली, "कुत्र्याला ते सांगता येणार आहे का?"

हे मी आयला सांगायला हवं होतं. पण सांगायचं कुणामार्फत? त्याच्याच मरणाचा निरोप त्याच्याच तोंडून कसा द्यायचा? दोनदा "बांगड्या, सांग आयला" इथपर्यंत आले आणि पुढे "चहा झालाय" असं म्हणून मोकळी झाले.

मग एकदाचं ऊन पडलं. असं कडकडीत, धुतल्यासारखं ऊन. सगळा किनारा जागा झाला. बायका पाट्या घेऊन धावल्या, सगळ्या दोऱ्या भरल्या. वाऱ्यावर बोंबील सळसळायला लागले. आयच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी उजेड दिसला. आणि ऊन पडलं तसे कावळेही आले, झुंडीने.

आम्ही लांबच्या टोकाला होतो. टोपलीजवळच्या दोरीवर कावळे उतरले, एक जोडी ओढून खाली पाडली. मी दगड शोधायला वाकले, तेवढ्यात आयची किंकाळी ऐकली.

बांगडा टोपलीतून उठला होता. कुठून बळ आलं त्याला कोण जाणे. चारही पायांवर धावला, पूर्वीसारखा, पोट वाळूला लावून दोऱ्यांखालून. कावळे उडाले. तो वळला आणि काट्कन आवाज झाला. सुकी काठी मोडावी तसा. एवढ्या वाऱ्यात, एवढ्या लांबून मला तो ऐकू आला. अजून येतो.

तो खाली पडला, पण ओरडला नाही. पाय मधूनच भलतीकडे वळलेला. तो आमच्याकडे बघत होता आणि शेपटी हळूहळू वाळूवर आपटत होता. काम केलं ना मी, असं विचारल्यासारखी. बाजूला खाली पडलेली बोंबलाची जोडी होती, त्याच्या हक्काची. तिच्याकडे त्याने बघितलंही नाही.

आय त्याच्याजवळ जाऊन बसकन बसली. पायाला हात लावायला पुढे झाली आणि हात मागे घेतला. दोन्ही हात तिने काखांत दाबून धरले, जसे काय ते हातच गुन्हेगार. मी गुडघ्यांवर बसले. "बांगड्या, सांग आयला, हे मालिशमुळे नाही. डॉक्टर म्हणाल्या होत्या, कधीही मोडणारच होतं ते." माझं मलाच ऐकू येत नव्हतं, इतका आवाज फाटला होता.

आयने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पदराने त्याच्या डोळ्यांतली वाळू पुसली. शकु आली, आणखी बायका आल्या, कुणी पाणी आणलं, कुणी म्हणालं जयवंतची वाट बघा, आज-उद्या येईलच. आयने कुणाकडे बघितलं नाही. खाली त्याच्याकडे वाकली. त्याच्या कानाशी, रोजच्याच आवाजात म्हणाली,

"बांगड्या, सांग तिला, डॉक्टरणीला बोलव."

तो मान वर करून आधी तिच्याकडे बघायला लागला. मग माझ्याकडे. नेहमीसारखा. निरोप पोचवला त्याने.

गंधाली डॉक्टर स्कूटरवरून आली, गल्लीच्या तोंडाशी ती लावून वाळूतून चालत आली. चपला हातात घेतल्या होत्या. तिने काही विचारलं नाही, की असं का केलं, तसं का नाही केलं. आधी एक इंजेक्शन दिलं, दुखणं थांबायचं. बांगड्याचा श्वास सैल झाला. मला तर वाटतं, महिनाभरात पहिल्यांदाच त्याला नीट झोप लागली असेल. आयने खाली पडलेल्या त्या जोडीतला बोंबील उचलून त्याच्या तोंडाशी धरला. त्याने चाटला. मग दुसरं इंजेक्शन. वरून वारा बोंबलांतून जात होता, तेवढाच आवाज.

वलांडीच्या मागे, भरतीची रेघ येत नाही तिथे, आम्ही खड्डा केला. शकुच्या नवऱ्याने फावडं चालवलं. आयने गोणीतलं जाडं मीठ ओंजळी भरभरून त्याच्या अंगावर टाकलं, मासळीला टाकतो तसं, पाठीवरचे पट्टे दिसेनासे होईपर्यंत. कुणी तिला पुरे म्हटलं नाही.

नंतर दोन-तीन दिवसांनी बोट लागली. जयवंत किनाऱ्यावरूनच धावत वलांडीकडे आला. टोपली रिकामी बघून थांबला. "कुठं हाय?" मी बोट दाखवलं. तो तिथे जाऊन उभा राहिला, मग परत आला. डोळे लाल झालेले. मला म्हणाला, "मी येईपर्यंत थांबायला सांगितलेला ना? तू फोन केलास त्या बाईला?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. केला होता मीच.

"मी सांगितला तिला," आय म्हणाली. हातातली जोडी दोरीवर टाकत होती, ती टाकून मगच बोलली. "तू समुद्रात होतास. इकडं आमी होताव."

जयवंत वाळूत बसला आणि टोपली मांडीवर घेऊन रडला. रडला की बरं असतं. आय रडली नव्हती.

त्यानंतर घरात बोलणंच बंद झालं. मला खुळीला वाटलं होतं, आता तरी थेट बोलेल. कसलं काय! तिचे ओठ हलायचे, "बां" इथपर्यंत आवाज निघायचा, नजर उंबऱ्यावर जायची आणि सगळं घशात परत जायचं. मीठ जास्त झालं तरी मुकाट खायची. मीही तशीच. "आय, जेवायला चला," एवढे तीन शब्द, पण कुणाकडे बघून म्हणायचे ते कळेना. ताट वाढून ठेवायचे आणि भांडं वाजवायचे. जयवंत घरात असला की तो मध्ये, तो गेला की आम्ही दोघी भिंतींसारख्या. वलांडीवरही तेच. ती एका टोकाला, मी दुसऱ्या. कावळे आले की दोघी एकदम धावायचो आणि मध्येच एकमेकींना बघून थांबायचो.

एका सकाळी ती बाजारासाठी ओली मासळी निवडत होती. आतल्या मोरीवर मी भांडी घासत होते. तिने एकदम श्वास आत घेतल्याचं ऐकलं. मग काही नाही. मी भांडी घासतच राहिले. थोड्या वेळाने सावली पडली म्हणून मान वर केली, तर आय माझ्यासमोर उभी. उजवा हात डाव्या हातात धरलेला. अंगठ्यात शिंगाळ्याचा काटा, मुळापर्यंत घुसून मोडलेला. अंगठा निळा पडत होता.

अख्ख्या कोळीवाड्याचे काटे काढणारी बाई. तिचा काढायला कोण होतं? डाव्या हातात सुई धरता येईना.

मी तिला खाली बसवलं. तव्यावर मीठ टाकलं, फडकं घेतलं, सुई गॅसवर तापवली. तिने शिकवलं नव्हतं, पण इतकी वर्षं बघत होते ना. शेकलं, उकरलं, तरी टोक सुईला येईना. मग मी तिचा अंगठा तोंडात धरला आणि दाताने काटा ओढला. मीठ, रक्त आणि मोरीच्या तेलाचा जुना वास होता त्याला. काटा आला. तो हातावर घेऊन तिला दाखवला.

तिने काट्याकडे बघितलंच नाही. उंबऱ्याकडेही नाही. माझ्याकडे बघत होती, सरळ, आणि तिचे डोळे भरून वाहायला लागले.

"दुखतं गो," ती म्हणाली. "लय दुखतं."

"हो आय," मी म्हटलं, आणि मिठाची पुरचुंडी पुन्हा तव्यावर ठेवली.